कंकणाकृति सूर्यग्रहण आणि पूर्वजांचें गणित

आपल्या भिवंडी तालुक्यांत लोनाड नांवाचें गांव आहे. तेथील लेणीं व जुन्या देवळाचे अवशेष पुष्कळांनीं पाहिले असतील. परंतु हजार वर्षांपूर्वीं ह्याच गांवीं सूर्याचें देवस्थान होतें, ही गोष्ट थोड्यांसच ठाऊक असेल. शके ९१९, म्हणजे इ. स. ९९७ ह्या वर्षीं, ठाण्याच्या शिलाहार घराण्यांतील अपराजित राजानें लोणादित्य नांवाच्या ह्या देवाच्या पूजेसाठीं जवळचेंच भादाणें हें गांव दान दिलें. त्या दानाचा ताम्रपट उपलब्ध असून, दान दक्षिणायनाच्या पर्वकाळीं दिलें असें त्यांत नमूद आहे. सूर्य दक्षिणेकडे केव्हां वळतो, ह्याचें मोजमाप त्या काळीं ठेवलें जात होतें, हें ह्यावरून उघड होतें. ज्या भूमींत सूर्याचा असा हिशेब ठेवला गेला, त्याच भूमींत सूर्याला ग्रहण लागतांच अजूनहि कित्येक घरांचीं दारें भयानें लावलीं जातात. ह्या विसंगतीचा विचार करण्याचा प्रसंग आम्हांवर आला, तो असा.

ता. २६ डिसेंबर २०१९ रोजीं, मार्गशीर्ष अमावास्येस, कंकणाकृति सूर्यग्रहण झालें. दक्षिणेकडे केरळ व तामिळनाडू प्रांतांतील एका पट्ट्यांत सूर्याचें पूर्ण कंकण दिसलें. आपल्या भागांत तें खंडग्रास होतें. नाताळची सुटी असूनहि आम्ही कांहीं शिक्षक व पंचवीसतीस विद्यार्थी पटांगणांत जमलों होतों. सकाळीं आठाच्या सुमारास स्पर्श झाला, साडेनवाच्या आंत मध्य झाला, आणि अकराच्या सुमारास मोक्ष झाला. मध्यकालीं सूर्यबिंबाच्या पांच भागांपैकीं जवळ जवळ चार भाग झांकले गेले होते. स्वयंपाकघरांतील एक चाळणी व टांचणीनें भोंक पाडलेला एक जाड कागद, एवढीच आमची वेधशाळा. झाडाखालच्या मातीवर एरवीं वाटोळे पडणारे कवडसे त्या दिवशीं चंद्रकोरीसारखे पडले, तें पाहून लहान मुलें हरखून गेलीं.

तेव्हां एका मुलानें विचारलें, “सर, चंद्र तोच, सूर्य तोच, मग कधीं सूर्य पुरता झांकतो आणि कधीं नुसतें कंकण उरतें, असें कां?” प्रश्न मार्मिक होता. परंतु त्याचें उत्तर देण्यापूर्वींच आठवींतील एक मुलगी पुढें आली व हळूच म्हणाली, “सर, माझ्या वहिनीला दिवस गेले आहेत. आजीनें तिला रात्रीपासून एका खोलींत बसवून ठेवलें आहे. पाण्याचा घोटहि दिला नाहीं. आजी म्हणते, पंचांगांत ग्रहण लिहिलें आहे, तें कांहीं उगीच का?” आम्हीं तिला म्हटलें, “बाळ, तूं पुढें हो. आम्ही मागोमाग येतों.” त्या घरीं काय झालें तें शेवटीं सांगूं. प्रथम मुलाच्या प्रश्नाकडे वळूं. कारण त्याच्या उत्तरांतच आजीबाईंच्या प्रश्नाचेंहि उत्तर दडलेलें आहे.

एक रुपयाचें नाणें हातांत घ्या. एक डोळा मिटून तें दुसऱ्या डोळ्यापुढें धरा आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहा. नाणें डोळ्याजवळ आणलें कीं घड्याळ सबंध झांकतें. तेंच हळूहळू दूर नेलें कीं एका ठिकाणीं नाण्याभोंवतीं घड्याळाची कड दिसूं लागते. नाणें लहान झालें नाहीं आणि घड्याळ मोठें झालें नाहीं. बदललें तें केवळ अंतर. चंद्राचेंहि असेंच आहे. तो पृथ्वीभोंवतीं फिरतांना तिच्यापासून सदा सारख्या अंतरावर नसतो. कधीं तो सुमारें ३ लक्ष ५६ हजार किलोमीटरांवर येतो, तर कधीं ४ लक्ष ६ हजार किलोमीटरांपर्यंत दूर जातो. त्याची दाट छाया मात्र ३ लक्ष ६७ हजार ते ३ लक्ष ८० हजार किलोमीटरांच्या दरम्यानच लांब असते. चंद्र जवळ असतांना ग्रहण पडलें तर छायेचें टोंक भूमीला टेंकतें व तेथें खग्रास ग्रहण दिसतें. चंद्र दूर असला तर टोंक अंतराळांतच संपतें, आणि बरोबर त्याखालीं उभ्या असलेल्या मनुष्याला काळ्या चंद्रबिंबाभोंवतीं सूर्याची झळझळीत कड दिसते. हेंच कंकण होय.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हें गणित स्वतः करून पाहावें. वर्तुळाच्या परिघाचे २१,६०० भाग, म्हणजे कला, कल्पिल्या तर त्याची त्रिज्या सुमारें ३,४३८ कला होते. आतां चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर व त्याचें मध्यम अंतर ३,८४,४०० किलोमीटर. व्यासाला ३,४३८ नें गुणून अंतरानें भागलें असतां चंद्रबिंब सुमारें ३१ कलांचें येतें. सूर्याचा व्यास १३,९२,००० किलोमीटर व अंतर १४,९६,००,००० किलोमीटर. त्याच रीतीनें त्याचें बिंब सुमारें ३२ कलांचें येतें. सूर्य चंद्राहून सुमारें चारशें पट मोठा, परंतु जवळ जवळ तितक्याच पट दूर; म्हणून दोन्ही बिंबें आपणांस जवळपास सारखीं दिसतात. तरी चंद्र मध्यम अंतरावर असतांना तो किंचित् लहानच ठरतो. म्हणूनच खग्रासापेक्षां कंकणाकृति ग्रहणें अधिक होतात. इ. स. पूर्वीं २००० पासून इ. स. ३००० पर्यंतच्या पांच हजार वर्षांचें गणित विद्वानांनीं केलें आहे; त्यांत कंकणाकृति ग्रहणें ३,९५६ व खग्रास ३,१७३ येतात.

आपण वापरलेला ३,४३८ हा आंकडा कांहीं आजचा नव्हे. आर्यभटाच्या ज्यांच्या कोष्टकांत आणि सूर्यसिद्धान्तांत हीच त्रिज्या घेतलेली आहे. सूर्यसिद्धान्ताचेंच माप आतां पाहूं. त्यांत चंद्राची कक्षा ३,२४,००० योजनें सांगितली आहे. तिला २१,६०० नीं भागलें म्हणजे एका कलेला १५ योजनें पडतात. चंद्राचा व्यास ४८० योजनें. म्हणजे बिंब बरोबर ३२ कलांचें झालें. सूर्याची कक्षा ४३,३१,५०० योजनें. तेथें एका कलेला सुमारें साडेदोनशें नव्हे, तर दोनशेंच्या किंचित् वर योजनें पडतात. सूर्याचा व्यास ६,५०० योजनें. म्हणून त्याचें बिंब ३२ कला व सुमारें २५ विकला होतें. सूर्याचें त्या ग्रंथांतील अंतर प्रत्यक्षाहून फार कमी आहे, हें खरें. परंतु ग्रहणाला लागतें तें बिंबाचें दिसणारें माप, आणि तें आजच्या मापाच्या इतकें जवळ आहे कीं वाचणाऱ्यानें विस्मित व्हावें. चंद्र सूर्याहून किंचित् लहान, हाच निकाल तेथेंहि लागतो. त्यापुढें जाऊन, चंद्राची गति ज्या दिवशीं मंद त्या दिवशीं त्याचें बिंब लहान, व गति शीघ्र तेव्हां बिंब मोठें, असा संस्कारहि त्या ग्रंथांत सांगितला आहे. कंकण कां पडावें, ह्याचें सर्व साहित्य त्या आंकड्यांत तयार होतें.

ह्या गोष्टीचें महत्त्व पटण्यासाठीं क्षणभर पश्चिमेकडे पाहूं. इ. स. च्या दुसऱ्या शतकांत अलेक्झांड्रिया नगरींत टॉलेमी नांवाचा थोर ज्योतिषी होऊन गेला. त्याचा ग्रंथ पुढें हजार वर्षांहून अधिक काळ प्रमाण मानला गेला. त्यानें सूर्यबिंब सदैव ३१ कला २० विकला धरलें, आणि चंद्रबिंब अत्यंत दूर असतांना तितकेंच, एरवीं त्याहून मोठें धरलें. ह्या मापानें चंद्र सूर्यापेक्षां लहान कधींच दिसणार नाहीं. अर्थात् कंकणाकृति ग्रहण अशक्यच! परंतु त्याच शतकांतील सोसिजेनीस नांवाच्या ग्रीक तत्त्ववेत्त्यानें, ग्रहणाच्या मध्यकालीं चंद्राच्या भोंवतीं सूर्याची कड शिल्लक राहिल्याचें नमूद केलें. त्याचें म्हणणें सिंप्लिशियस नांवाच्या पुढील ग्रंथकारानें जपून ठेविलें आहे. आजच्या गणितानें तें ग्रहण ता. ४ सप्टेंबर १६४ चें असावें असें ठरविण्यांत आलें आहे. आकाशांतील गोल पृथ्वीपासून सदा समान अंतरावर फिरतात, ह्या जुन्या मताविरुद्ध सोसिजेनीसानें हाच पुरावा पुढें मांडला. केवढाहि मोठा आचार्य असो, डोळ्यांनीं दिसलेल्या एका बारीक कडेपुढें त्याचा आंकडा टिकत नाहीं. विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

ह्याहूनहि प्राचीन अशा एका कंकणाकृति ग्रहणाविषयीं अलीकडे बरीच चर्चा झाली. बायबलांतील यहोशवाच्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायांत, गिबोन येथें सूर्य व अयालोनाच्या खोऱ्यांत चंद्र थांबल्याचें वर्णन आहे. केंब्रिजचे कॉलिन हम्फ्रीझ व ग्रेम वॉडिंग्टन ह्यांनीं इ. स. २०१७ मध्यें असें मत मांडलें कीं, तेथील मूळ हिब्रू क्रियापदाचा अर्थ ‘प्रकाशावयाचा थांबला’ असाहि होऊं शकेल, आणि तें सूर्यग्रहणाचें वर्णन असावें. पूर्वींच्या शोधकांनीं केवळ खग्रास ग्रहणें तपासलीं व त्यांना त्या काळांत व त्या देशांत तसें ग्रहण सांपडलें नाहीं. ह्या दोघांनीं कंकणाकृति ग्रहणेंहि तपासलीं, तेव्हां इ. स. पूर्वीं १२०७ च्या ऑक्टोबरच्या ३० तारखेस दुपारीं कनान देशावरून गेलेलें ग्रहण हातीं आलें. त्यावरून इजिप्तच्या राजांचे काल अधिक नेमके ठरवितां येतात असें त्यांचें म्हणणें आहे. हा एक तर्क आहे, सर्वमान्य सिद्धान्त नव्हे. तें वर्णन चमत्काराचें मानणारे आहेत व काव्याचें मानणारेहि आहेत. परंतु तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वींचें कंकण आज कोणत्या तारखेस, कोणत्या देशावर पडलें हें गणितानें सांगतां येतें, ह्याविषयीं मात्र मतभेद नाहीं.

आतां आपल्या देशाकडे परत येऊं. ऋग्वेदाच्या पांचव्या मंडलांत स्वर्भानु नांवाच्या असुरानें सूर्याला अंधारानें ग्रासल्याची व अत्रि ऋषीनें तो सूर्य शोधून काढल्याची कथा आहे. पुढें पुराणांत राहूची कथा आली. परंतु इ. स. ४९९ मध्यें आर्यभटानें चंद्र सूर्याला झांकतो व पृथ्वीची छाया चंद्राला झांकते असें स्वच्छ सांगितलें. वराहमिहिरानेंहि सहाव्या शतकांत राहु हें ग्रहणाचें कारण नव्हे असें प्रतिपादन केलें. आपल्या सह्याद्रीच्या कुशींत वाढलेल्या भास्कराचार्यांनीं तर शके १०७२, म्हणजे इ. स. ११५० मधील सिद्धान्तशिरोमणींत ह्याची फार सुंदर उपपत्ति दिली. अर्धवट ग्रासलेल्या चंद्राचीं टोंकें बोथट दिसतात व चंद्रग्रहण बराच वेळ चालतें. म्हणून त्याला झांकणारा पदार्थ मोठा असला पाहिजे. ग्रासलेल्या सूर्याचीं टोंकें तीक्ष्ण असतात व ग्रहण लवकर सुटतें. म्हणून त्याला झांकणारा लहान असला पाहिजे. दोघांना झांकणारे निराळे, म्हणजे एकच राहु दोघांना गिळतो हें म्हणणें टिकत नाहीं. आणि तरीहि आचार्यांनीं श्रद्धाळू जनांचें मन दुखविलें नाहीं. ब्रह्मदेवाच्या वरामुळें राहु त्या छायेंत प्रवेश करतो, असें म्हणून त्यांनीं पुराणाचा मान राखला.

ग्रहणाचा दिवस पूर्वीं भयाचा नव्हे, दानाचा मानीत. राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद ह्यानें शके ७३० च्या श्रावण अमावास्येस, इ. स. ८०८ मध्यें, सूर्यग्रहणाच्या पर्वांत मयूरखंडी येथून गांव दान दिल्याचा ताम्रपट प्रसिद्ध आहे. चाळीसगांवाजवळ पाटण येथें इ. स. १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ह्यानें आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं मठ स्थापिला, आणि त्या मठाला चंद्रग्रहणाच्या दिवशीं दान मिळालें, असें त्यांत कोरलेलें आहे. ग्रहणाच्या दिवशीं ग्रहणाचें गणित शिकविणाऱ्या शाळेला दान! ह्याहून शोभणारें दान कोणतें असूं शकेल? पुढें आपल्याच कोंकणांत, मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगांवीं, केशव दैवज्ञ व त्यांचा पुत्र गणेश दैवज्ञ हे दोन नामांकित ज्योतिषी झाले. गणेश दैवज्ञांनीं शके १४४२ (इ. स. १५२०) च्या सुमारास ग्रहलाघव रचिला व त्यांत ज्यांची किचकट कोष्टकें टाळून ग्रहगणित सोपें केलें. पुढें कित्येक शतकें महाराष्ट्रांतील पंचांगें ह्याच ग्रंथावरून होत. एकोणिसाव्या शतकांत केरो लक्ष्मण छत्रे ह्यांनीं नव्या वेधांच्या आधारें ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ तयार केलीं व पंचांगशुद्धीचा मार्ग दाखविला. आपल्या घरांतील भिंतीवरच्या पंचांगांत ग्रहणाची जी घटकापळें वा तासमिनिटें असतात, तीं ह्या दीर्घ परंपरेचें फळ आहेत.

हेंच सर्व आम्हीं त्या सकाळीं थोडक्यांत आजीबाईंस सांगितलें. गल्लींत शेजारच्या मागांचा खडखडाट चालू होता. घरांत मात्र सर्व चिडीचूप. आजीबाईंनीं आमचें म्हणणें शांतपणें ऐकून घेतलें व विचारलें, “मग पंचांग खोटें म्हणायचें का, मास्तर?” आम्हीं म्हटलें, “नाहीं, आजी. पंचांगांतली वेळ अगदीं खरी आहे. आठाला ग्रहण लागलें कीं नाहीं? पण ज्यांनीं ती वेळ काढली, त्यांनीं चंद्राची सांवली मोजून काढली. त्या सांवलीनें पोटांतल्या बाळाला कांहीं होत नाहीं; मात्र आई तहानेली व उपाशी राहिली तर तिला आणि बाळालाहि त्रास होतो. जप करा, स्नान करा, तुमच्या मनाला शांति लाभेल तें सारें करा. पण सूनबाईंना पाणी द्या.”

आजीबाई बराच वेळ कांहींच बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “माझ्या सासूनेंहि मला असेंच बसविलें होतें. मला घेरी आली होती, मास्तर. पण तेव्हां बोलायची सोय नव्हती.” एवढें बोलून त्या उठल्या, आणि ग्रहण सुटावयास अवकाश असतांनाच पाण्याचा तांब्या घेऊन स्वतः आंत गेल्या. ती मुलगी आमच्याकडे पाहून हंसली. आमच्या मतें त्या दिवशींचा सर्वांत मोठा धडा पटांगणांत नव्हे, त्या घरांत झाला. आणि तो शिकविला आजीबाईंनींच.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे कीं, ग्रहणाचें भय धरूं नये. परंतु सावधगिरी अवश्य बाळगावी. सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनीं कधींहि पाहूं नये. परातींतल्या पाण्यांत, काजळी धरलेल्या कांचेंतून किंवा जुन्या क्ष-किरण चित्रांतूनहि पाहूं नये. कंकण अगदीं बारीक उरलें तरी त्या कडेचें तेज डोळ्यांस कायमची इजा करूं शकतें. सूर्यनिरीक्षणासाठींच बनविलेला चष्मा वापरावा. तो नसेल तर सूर्याकडे पाठ करून भोंक पाडलेल्या कागदांतून जमिनीवर पडणारा कवडसा पाहावा. तो मार्ग सर्वांत सोपा, बिनखर्चाचा व निर्धोक आहे.

विद्यार्थिमित्रहो, ता. २१ मे २०३१ रोजीं केरळ व तामिळनाडूंतून पुन्हां सूर्याचें कंकण दिसणार आहे. आपणांस भिवंडींत तें खंडग्रास दिसेल. तेव्हां तुमच्यांपैकीं कित्येकजण मोठे झालेले असाल, कोणी आईबापहि झालेले असाल. त्या दिवशीं घरांतील लहानांना अंगणांत न्या, हातीं चाळणी द्या, मातीवरचे कवडसे दाखवा, आणि ते असे कां पडले हें त्यांना समजावून सांगा. घरांत कोणी तहानेलें बसलें असेल, तर त्याला अगोदर पाणी द्या.